जगाचा हिशेब शाळेच्या वहीत

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातल्या पाचवीच्या मुलाला 'रेसिड्यू' म्हणजे काय, असे विचारले तर तो अडखळत नाही. हा शब्द, म्हणजे फळावर उरणारा फवारणीचा अंश, त्याला पुस्तकातून नव्हे, घरातून मिळालेला असतो. ऑक्टोबर छाटणी झाली की कोणती फवारणी कोणत्या तारखेला घेतली ते वहीत उतरवायचे, काढणीच्या किती दिवस आधी फवारा बंद करायचा, नमुना प्रयोगशाळेत कधी जाणार, कंटेनर कधी भरणार, हे त्याच्या कानावर रोज पडत असते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, त्याची झळ या पट्ट्यातल्या घराघरांना बसली. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, माल पोचायला दहा-पंधरा दिवस जास्त लागले, आणि दूरच्या भांडणाचा भुर्दंड नाशिकच्या बागेवर पडला.

हेच मूल शाळेत युरोप खंड शिकते तेव्हा नद्या, पर्वत आणि राजधान्या पाठ करते. ज्या युरोपचा नियम त्याच्या घरची फवारणीची वही ठरवतो, तो युरोप वर्गात येतच नाही. जग गावात कधीच येऊन बसले आहे. त्याची ओळख करून द्यायला शाळा मागे राहिली आहे. शाश्वत भविष्य आणि जागतिक नागरिकत्व हे विषय शाळेत कसे शिकवावेत, याचे हे पुस्तक याच जाणिवेतून तयार झाले आहे. ते मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मराठी शाळांतल्या शिक्षकांसाठी आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे, त्यामुळे ते ऐकल्यावर 'आता हे एक नवीन आले' असे शिक्षकांना वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी विषयाविषयीच थोडे सविस्तर सांगतो.

या विषयाचे दोन प्रवाह आहेत आणि ते बराच काळ वेगवेगळे वाहत होते. पहिला शांततेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, एका देशातल्या मुलांना दुसऱ्या देशातली माणसे शत्रू वाटू नयेत या हेतूने तो सुरू झाला. 1974 साली युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्य आणि मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयी सर्व देशांना शिफारस केली, ती या प्रवाहातली. दुसरा पर्यावरणाचा. 1972 ची स्टॉकहोम परिषद, 1977 ची तिबिलिसी येथील पर्यावरण शिक्षण परिषद आणि 1987 चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल हे त्याचे टप्पे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, ही शाश्वत विकासाची कल्पना या अहवालाने जगभर पोचवली. 2005 ते 2014 हे दशक संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी दिले. 2015 मध्ये शाश्वत विकासाची सतरा ध्येये ठरली आणि त्यांतल्या शिक्षणाच्या चौथ्या ध्येयात 4.7 या कलमाखाली हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. 2023 मध्ये युनेस्कोने 1974 ची शिफारस नव्याने लिहिली, तेव्हा शांतता, मानवी हक्क, जागतिक नागरिकत्व आणि शाश्वत विकास ही नावे एकाच शीर्षकात बसली.

हे दोन प्रवाह एकत्र येणे कागदोपत्री सोयीचे म्हणून झाले, असे मला वाटत नाही. पाणी, हवा आणि हवामान यांचा प्रश्न शेवटी माणसामाणसांतल्या वाटणीचा प्रश्न असतो. कोणी किती वापरले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय पर्यावरण शिकवता येत नाही. आणि हे विचारले की शिकवणे शांततेच्या, न्यायाच्या वाटेला लागतेच. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, जागतिक नागरिकत्व म्हणजे हिशेब मागण्याची आणि हिशेब देण्याची सवय. यातली मागण्याची बाजू सोपी आहे, देण्याची अवघड. शाळेत दोन्ही शिकवाव्या लागतात.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात न्यायालयातून झाली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असा निर्देश दिला. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना 'परिसर अभ्यास' होता, नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आला, अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे. थोडक्यात, कागदावर काही कमी नाही.

वर्गात काय झाले ते शिक्षकांना सांगायला नको. विषय श्रेणीचा, म्हणून तास गणिताला किंवा इंग्रजीला गेला. प्रकल्प सक्तीचा, म्हणून कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानात 'जलप्रदूषण', 'वृक्षतोड', 'ओझोन' अशी तयार चित्रे मिळू लागली. ती कापून चिकटवली की प्रकल्प पुरा. 5 जूनला शाळेला सुट्टी असते, म्हणून वृक्षारोपण जुलैत, बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे यांतून जो वेळ उरतो, त्यात वेगळा विषय बसत नाही. म्हणून या पुस्तकात वेगळ्या तासाची मागणी नाही. आहे त्या गणितात, भूगोलात, भाषेत आणि परिसर अभ्यासातच हे काम कसे करता येईल, एवढेच दाखवले आहे.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती चालवून दाखवली. समवाय हा तिचा गाभा होता. मूल टकळीवर सूत काते; त्या सुतातून लांबी-वजनाचे गणित निघे, कापसातून जमीन आणि हवामान निघे, कापडातून लँकेशायरच्या गिरण्यांचा आणि साम्राज्याचा इतिहास निघे. हाताखालच्या वस्तूपासून जगापर्यंत जाण्याची ही वाट होती. त्याच वर्ध्यात मगनवाडीला बसून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र उभे करत होते. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे त्यांचे तुरुंगात लिहिलेले पुस्तक 1945 साली आले, म्हणजे ब्रुंटलँड अहवालाच्या बेचाळीस वर्षे आधी. निसर्गातले काही साठे वापरले की संपतात, काही पुन्हा भरून येतात. माणसाने आपला व्यवहार कशावर उभारायचा, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या अध्यापक विद्यालयांत आज ते पुस्तक क्वचितच कोणी वाचते.

दुसरा धागा कोसबादचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरांमागे जात, त्यामुळे शाळेत येत नसत. मग या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेत गुरे चरत आणि मुले गवत, खडे, पाने, पक्षी यांच्यावर शिकत. मुलाच्या जगण्याला अडथळा न मानता त्यालाच पाठ करायचे, हे सूत्र या पुस्तकाने तिथून घेतले आहे.

या परंपरेचा अभिमान बाळगताना तिचे अपयशही नीट पाहायला हवे. नई तालीम का मागे पडली? गावकऱ्यांना वाटले, शहरातली मुले इंग्रजी शिकून साहेब होणार आणि आमच्यांनी टकळी फिरवायची? त्यांच्या शंकेत तथ्य होते. आजही तोच धोका आहे. परिसराचे शिक्षण गरिबांच्या शाळेला आणि स्पर्धा परीक्षेचे शिक्षण पैसेवाल्यांच्या शाळेला, अशी वाटणी झाली तर पालक ते नाकारतील आणि नाकारावेच. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक पाठात गणित पक्के आहे, वाचन-लेखन पक्के आहे. पाठ झाल्यावर मुलाला दशमान परिमाणे जास्त चांगली आली पाहिजेत, ही पहिली अट.

उदाहरण म्हणून पाण्याचा पाठ जवळून पाहू. सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. मुले शाळेच्या अंगणात खडूने एक मीटरचा चौकोन आखतात, लिटरचे माप घेतात आणि हे करून बघतात. मग गावाचे शिवार घ्यायचे. समजा क्षेत्र 1000 हेक्टर आणि वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर. गुणाकार केला की उत्तर येते 400 कोटी लिटर. दुष्काळी म्हणवणाऱ्या गावावर एवढे पाणी पडते, हे पाहून मुले थक्क होतात, पुष्कळदा शिक्षकही. पुढचा प्रश्न पिण्याचा. लोकसंख्या 1500, जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर. वर्षाचे होतात सुमारे तीन कोटी लिटर. पडणाऱ्या पाण्याच्या एक टक्काही नाही. तरीही एप्रिलमध्ये टँकर का येतो?

इथून वर्ग खरा सुरू होतो. वाहून किती गेले, वाफ किती झाली, मुरले किती, हे विज्ञान. मग पिके. उसाला पाटपाणी दिले तर हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागते. म्हणजे दीड हेक्टर ऊस आणि गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी यांचा आकडा सारखाच. त्या उसाची साखर होते. 2021-22 च्या हंगामात भारताने एक कोटी टनांहून जास्त साखर परदेशी पाठवली. त्या साखरेबरोबर पाणीही गेले, फक्त ते कोणाला दिसले नाही. आणि तो ऊस तोडायला बीड जिल्ह्यातली कुटुंबे दिवाळीनंतर कोयते घेऊन बाहेर पडली, तेव्हा तिकडच्या एखाद्या शाळेत पाचवीचा पट निम्म्यावर आला. काही मुले हंगामी वसतिगृहात राहिली, बाकीची फडावर गेली. अंगणातल्या एका चौकोनापासून मूल इथवर येते, आणि वाटेत एकदाही त्याला 'पाणी हे जीवन आहे' असा निबंध लिहावा लागत नाही.

याचा अर्थ ऊस लावणारा बागायतदार खलनायक, असा नाही. वर्गात त्याचे मूल बसलेले असते. ज्या पिकाला हमखास दर आहे, कारखाना उचल करतो, कर्ज मिळते, ते पीक तो घेतो. त्याच्या जागी कोणीही तेच करील. मग ज्वारीला, तुरीला, हरभऱ्याला तसा आधार का नाही, हा पुढचा प्रश्न आणि तो सरकारला आहे. पाण्याच्या वाटणीचे उत्तर मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ग्रामसभेत शोधले. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिके टाळायची. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. असे नियम सगळ्या गावांना जमतील असे नाही. पण लोकांनी एकत्र बसून आकड्यांवरून निर्णय घेतला, हे मुलांना कळले पाहिजे. नागरिकशास्त्रात ग्रामसभेची व्याख्या पाठ करण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचे आहे.

द्राक्षाचा पाठ याहून अवघड आहे, कारण त्यात हिशेब द्यावा लागतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेने 2006 पासून ग्रेपनेटची व्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, नमुना तपासला जातो, आणि घड कोणत्या बागेतला ते परदेशातही कळते. आता प्रश्न असा की नाशिकच्या बाजारात हातगाडीवर विकल्या जाणाऱ्या द्राक्षाचे काय? देशातल्या मालासाठीही मर्यादा ठरलेल्या आहेत, पण प्लॉटवार तपासणीची तशी साखळी नाही. तिकडच्या मुलाच्या पोटाची काळजी घेणारी व्यवस्था इकडच्या मुलासाठी का नसावी? आणि घरातली ती फवारणीची वही खाणाऱ्याची काळजी घेते, फवारणाऱ्याची घेते का? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. नाशिकच्या बागांत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात. त्यांच्या हातात मोजे असतात का, हा प्रश्न बागायतदाराच्या मुलाने घरी विचारला तर घरात थोडी खळखळ होईल. ती होऊ द्यावी. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा जगाकडे बोट दाखवणे सगळ्यांनाच जमते. आपल्या हातून कोणाचे नुकसान होते आहे हे पाहणे, हे या शिक्षणाचे दुसरे आणि जास्त महत्त्वाचे अंग आहे.

हे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळायचे आहे. पृथ्वी वाचवण्याचे ओझे मुलांच्या डोक्यावर द्यायचे नाही. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, अमेरिकेत सुमारे चौदा टन. आपल्या देशातही विमानाने फिरणारा आणि पायी शाळेत येणारा यांच्यात तेवढेच अंतर असू शकते. घरात दोन दिवे असलेल्या मुलीला वीज वाचवा म्हणून घोषणा द्यायला लावणे हा विनोद आहे, आणि तो तिच्या लक्षात येतो. तिला हे आकडे द्यावेत, आलेख काढायला लावावा, आणि कोणी काय करायला हवे हे तिने ठरवावे.

तसेच भीती दाखवून शिकवू नये. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रभर रब्बी आणि फळबागा झोडपल्या, हे मुलांनी घरी ऐकलेले असते. प्रत्येक गारपीट हवामानबदलामुळेच झाली असे वर्गात सांगणे शास्त्राला धरून नाही. एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही, अनेक वर्षांच्या नोंदी लागतात, हे सांगणे हेच शिक्षण. आणि जगाने एकत्र येऊन प्रश्न सोडवल्याची उदाहरणेही आहेत. ओझोनच्या थराला पडलेले भगदाड 1985 मध्ये उघडकीला आले, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, पुढे जगातल्या सर्व देशांनी त्यावर सह्या केल्या आणि फ्रिज-एसीमधली घातक रसायने जवळजवळ बंद झाली. थर हळूहळू भरून येतो आहे. तयार चित्र चिकटवलेल्या 'ओझोन' प्रकल्पात ही गोष्ट सहसा नसते, आणि नेमकी तीच मुलांना हवी असते.

पालकांकडून आणि कधी केंद्रप्रमुखांकडूनही एक शंका येईल. जगाचे नागरिक करायचे म्हणजे देशाचा अभिमान कमी करायचा का? साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले तेव्हा त्यांचे मराठीपण उणे झाले नव्हते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज हा पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी चालवला. पडद्यावर परदेशी मुलांना हात हलवून दाखवणे पुरेसे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. तुमच्याकडे पाणी कोण भरते, पोषण आहारात काय असते, पाऊस कधी पडतो, असे प्रश्न दोन्ही बाजूंनी तयार असतील तर त्या अर्ध्या तासाचे सोने होते.

पुस्तकात असे बारा पाठ आहेत. पाणी, द्राक्ष, कापूस, कांदा, कचरा, वीज, मोबाइल, मासे असे विषय आहेत, आणि प्रत्येकाची सुरुवात हाताला लागणाऱ्या वस्तूपासून होते. सगळे करायची गरज नाही. कोकणातल्या शिक्षकाने द्राक्ष सोडून मासेमारी घ्यावी, मेळघाटातल्याने मोहाचा पाठ स्वतः लिहावा. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, त्यामागचा विचार हाच होता. तो तिसरीतच थांबू नये. शिक्षण परिषदेत दोन-तीन शिक्षकांनी मिळून आपल्या तालुक्याचा एक पाठ रचला, तर या बारांपेक्षा तो सरस ठरेल. मूल्यमापनासाठी वेगळी प्रश्नपत्रिका दिलेली नाही. मुलाने स्वतः मोजलेला एक आकडा, स्वतः विचारलेला एक प्रश्न आणि आपले मत बदलले असेल तर त्याचे कारण, एवढे वहीत सापडले की पुरे.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण त्याला काहीच लागत नाही. उभ्या भिंतींचा एक डबा, एक मोजपट्टी आणि रोज सकाळी परिपाठाआधी नोंद घेणारी दोन मुले. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा आकडा काढून तो महसूल मंडळाच्या अधिकृत आकड्याशेजारी लिहावा. दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत. पाठ चुकला असे समजू नये. आपल्या गावातला पाऊस दूरच्या मापकाने का ठरतो, हवामानावर आधारित पीकविम्याचे पैसे त्यावर कसे अवलंबून असतात आणि हे विचारायचे कोणाला, हे मुलांना ठरवू द्यावे, आणि त्यांनी लिहिलेला अर्ज ग्रामसभेत त्यांनाच वाचू द्यावा.